खळ्याचं वय

करंजदांड्याच्या खळ्याचं वय एकतीस वर्षं निघालं, तेव्हा तृषाली सोनटक्केनं आधी यंत्रालाच दोष दिला. नळी पुसली, बॅटरी बदलली आणि पाच पावलं सरकून पुन्हा एकदा वाळूत खुपसली. वीस मिनिटांनी पडद्यावर आकडा आला, तीस. आणखी पाच पावलांवर एकोणतीस.

ज्या खळ्यावर तिची आजी, पणजी आणि पणजीची सासू जवळा वाळवत आली, ते खळं या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर तृषालीहून लहान होतं. तृषाली छत्तीस वर्षांची होती. ती त्या वाळूवर फतकल मारून बसली.

हे यंत्र काय करतं, ते सांगायला हवं. वाळूचा कण जमिनीखाली अंधारात पडून असतो, तेव्हा आजूबाजूच्या मातीतला अगदी मंद किरणोत्सर्ग त्याच्यात थोडी थोडी ऊर्जा भरत राहतो. जितकी वर्षं अंधारात, तितका साठा मोठा. कणाला एकदा ऊन लागलं की तो साठा काही मिनिटांत रिकामा होतो आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. असा कण अंधारातच उचलला आणि त्याच्यावर ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला, तर तो साठवलेली ऊर्जा चमकून बाहेर टाकतो. ती चमक मोजली की कळतं, या कणानं सूर्य शेवटचा कधी पाहिला. पूर्वी या कामाला प्रयोगशाळा लागायची, महिने जायचे आणि उत्तरात दहा-वीस वर्षांची चूक असायची. दोन हजार बेचाळीस साली ते सगळं हातभर जाडीच्या एका पेटीत आणि एका नळीत मावलं आणि चूक सहा महिन्यांवर आली. सरकारी कागदांत त्याचं नाव कणघड्याळ. कोळीवाड्यातल्या बायका त्याला ज्योतिषी म्हणत, कारण ते वय सांगायचं आणि त्यावर ऐकणाऱ्याचं भविष्य ठरायचं.

मुंबईला आपल्या जमिनीचं वय विचारायची वेळ यावी, ही गंमतच होती. सात बेटांचं हे शहर. डोंगर फोडून त्यांच्यामधल्या खाड्या बुजवल्या, पुढे तलाव बुजवले, गिरण्यांची राख ओतली, पाडलेल्या चाळींचा राडारोडा ओतला. कापसानं पैसा आणला, पैशानं गोद्या बांधल्या, गोद्यांना जागा हवी म्हणून आणखी समुद्र हटवला. गिरण्या बंद पडल्या तशी जागाच कापूस झाली आणि तिच्यावर मनोरे उभे राहिले. दीडशे-दोनशे वर्षं या शहराचा खरा धंदा एकच होता, पाण्यातून जमीन काढणं आणि ती विकणं. पण भरावाची जमीन खचते. समुद्र वर यायला लागला आणि जमीन खाली जायला लागली, तेव्हा सगळ्या किनाऱ्याला भिंत घालणं कोणाच्याच ऐपतीत उरलं नाही. मग किनारा आखणी मंडळ स्थापन झालं आणि कायदा आला. जी जमीन निसर्गानं केलेली, साडेतीनशे वर्षांहून जुनी, ती भिंतीच्या आत राहील. जी भरावाची, ती बाहेर जाईल आणि तिथल्या माणसांना शहरापासून साठ किलोमीटरवर घरं मिळतील.

पहिल्या वर्षी समुद्राकाठच्या काही उंच मनोऱ्यांखाली बाटल्यांची बुचं आणि विटांचे तुकडे निघाले, तेव्हा कोळीवाडे मनापासून हसले. आपलं काय, आपण तर बेटांच्याही आधीचे, असं जो तो म्हणत होता. करंजदांडा कोळीवाड्यानं तर फटाके आणून ठेवले होते.

तृषालीनं आपली नळी दिवसभरात बारा ठिकाणी घातली. एका टोकाला पंचवीस वर्षं, दुसऱ्या टोकाला छत्तीस, आणि मधले सगळे आकडे एकेका वर्षानं चढत गेलेले. तिनं तिथंच कागदावर ते ओळीनं लिहिले. जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसे ते दिसत होते. मंडळाची मापक म्हणून तीन वर्षांत तिनं चारशे ठिकाणची माती मोजली होती, असा जिना कुठेच पाहिला नव्हता. भराव पडतो तो ट्रकनं, एका हंगामात, सगळा एकाच वयाचा.

खळ्याला लागून तिसरं घर तिच्या आईचं होतं. मंडळाचा नियम असा की मापकानं आपल्या जन्मगावी मोजणी करायची नाही. पण तृषाली आता सोनटक्के होती, डोंबिवलीची होती, आणि काम वाटणाऱ्या संगणकाला माहेर नावाची गोष्ट माहीत नव्हती. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा तिनं कळवायला हवं होतं. तिनं कळवलं नाही. आपलं गाव आपल्याच हातून भिंतीच्या आत जावं, एवढीच तिची हौस होती.

आईनं, चांगुणाबाईनं, भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढ्यात ठेवली. तृषालीनं आकडे सांगितले. चांगुणाबाईला आकड्यांचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, यंत्राला येड लागलंय, आणि भाकरी वाढत राहिली. मग अचानक तिचा हात थांबला.

"छत्तीस म्हंजे कनचा साल गो?"

"दोन हजार दहा."

"त्या साली आपला पट्टा व्हता. तू आठ महिन्यांची, झोलीत टाकलेली. मी आनि तुजी काकी वालू परतत व्हतो."

तृषालीच्या हातातला घास हातातच राहिला. वाळू परतणं. हे तिला आठवायला हवं होतं, तिनं स्वतः घमेली वाहिली होती. जवळा वाळवून वाळवून खळ्याची वाळू तेलकट होते, खारते, तिच्यात अळ्या पडतात आणि मग माल काळा पडतो. म्हणून खळ्याचे बारा पट्टे पाडलेले होते, बारा घराण्यांचे. भाद्रपद संपून ऊन तापलं की दर वर्षी एका घराण्याच्या बायका आपला पट्टा कमरेच्याही वर खणायच्या, सगळी वाळू बाहेर काढून दंताळ्यानं उन्हात पसरायच्या, चार-पाच दिवस भाजू द्यायच्या आणि परत भरायच्या. बारा वर्षांत सगळं खळं एकदा उलटंपालटं व्हायचं. पुरुष या वाळूला हात लावत नसत, ते बायकांचं काम. दोन हजार एकवीसनंतर प्लास्टिकची कापडं आली आणि ही पद्धत बंद पडली.

म्हणजे वाळू जुनीच होती. बायकांनी तिला पुन्हा पुन्हा सूर्य दाखवला होता आणि प्रत्येक वेळी तिचं घड्याळ शून्यावर गेलं होतं. नियमाप्रमाणे नळी एक मीटर जाते, कारण तेवढ्या खोल कोणी वाळू परतत बसत असेल असं नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तीन मीटर खोल मोजलं की खरं वय निघणार. तृषालीला हसू फुटलं. आणि ते ओठांवर येतं न येतं तोच तिला दुसरी गोष्ट आठवली, तसा तिचा चेहरा उतरला.

सहा महिन्यांपूर्वी मंडळाची माणसं घरोघरी फॉर्म घेऊन आली होती. त्यात एक प्रश्न होता, गेल्या पन्नास वर्षांत ही जमीन कधी खणली आहे का. चांगुणाबाईनं लेकीला फोन करून विचारलं होतं, काय लिहू. आणि तृषालीनं, जिनं दुसऱ्या एका गावात खणल्याच्या एका नोंदीपायी फाइल दोन वर्षं लोळताना पाहिली होती, तिनं ठामपणे सांगितलं होतं, खणल्याचं नावसुद्धा काढू नका. सगळ्यांना सांग. लेक मंडळात नोकरीला, म्हणून तिचा शब्द गावात वेदासारखा मानला गेला. साऱ्या कोळीवाड्यानं 'कधीच नाही' असं लिहून दिलं. एवढ्यावर न थांबता गावच्या पाटलांनी, मोरेश्वर तांडेल यांनी, मंडळाच्या माणसांसमोर गावदेवीच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली की या खळ्याला कधी फावडं लागलेलं नाही.

आता कायद्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर चित्र साफ होतं. वाळू पंचवीस ते छत्तीस वर्षांची, आणि कधी खणलेली नाही. म्हणजे भराव. करंजदांडा भिंतीच्या बाहेर.

"मीच बुडवलं, आई," तृषाली म्हणाली. चांगुणाबाईनं तिला जवळ घेतलं नाही की समजूतही काढली नाही. तिनं दारात जाऊन चपला सरकवल्या आणि म्हणाली, चल, पाटलांकडं.

मोरेश्वर तांडेल शहात्तर वर्षांचे होते. ओट्यावर जाळं विणत बसले होते. गावात आता जाळी कोणी हातानं विणत नाही, पण बसून काय करायचं म्हणून ते विणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की देवीच्या पायावरचा हात आता कसा उचलायचा, ते त्यांना कळत नाही. तृषालीनं जिन्याचा कागद त्यांच्यापुढे धरला आणि एक अडचण बोलून दाखवली. बारा पायऱ्यांत एक पायरी जास्तीची होती, दोन हजार वीसची. त्या साली कोरोना होता. खळ्याकडची गल्ली बांबू लावून बंद केली होती, कोणीही वाळू परतली नव्हती, हे तिलाही आठवत होतं. ती पाळी तांडेल घराण्याची, म्हणजे पाटलांच्याच बायकोची, हरकूबाईची. आणि हरकूबाई त्याच दिवसांत दवाखान्यात गेली ती परत आली नाही. मग तो पट्टा अडतीस वर्षांचा निघायला हवा होता, आधीच्या फेरीतला. यंत्र सव्वीस कसं सांगतंय?

पाटलांनी जाळ्यातून डोकं वर केलं नाही. "त्या साली कोनी परतली नाय," ते म्हणाले. "लिवून घे आनि जा." तृषालीनं आईकडे पाहिलं. आईनं नुसती मान हलवली, आणि दोघी परत फिरल्या.

सुनावणी आठ दिवसांनी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. सुनावणी अधिकारी रोशन दस्तुर नावाच्या साठीच्या बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज हळू, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत न तोडण्याची सवय. त्यांच्या बाजूला मंडळाचे तांत्रिक सल्लागार कारखानीस बसले होते. कारखानीस वाईट माणूस नव्हते. खोल मोजणीची यंत्रं सबंध किनाऱ्याला मिळून दोनच होती, पावणेतीनशे गावं रांगेत उभी होती, आणि ठोस कारणाशिवाय एक दिवसही द्यायचा नाही असा त्यांच्यावर दट्ट्या होता.

तृषाली उभी राहिली. परवान्याचं कार्ड तिनं आधीच गळ्यातून काढून हातात घेतलं होतं. तिनं सांगितलं की ती याच गावची, वैतींची मुलगी आहे आणि हे तिनं लपवलं. गावाला खोटं लिहायला तिनंच सांगितलं. हे खळं बायका दर वर्षी परतत असत आणि ती स्वतः वाळू वाहत असे. आकड्यांचा जिना तिनं भिंतीवर दाखवला आणि समजावलं की ट्रकनं टाकलेला भराव असा वर्षावर्षानं चढत नाही.

कारखानिसांनी शांतपणे विचारलं की जी व्यक्ती आता कबूल करते आहे की ती खोटं बोलली, तिच्या आजच्या बोलण्यावर मंडळानं का विसंबावं? हॉलमध्ये चुळबुळ झाली. प्रश्न रास्त होता.

तेव्हा चांगुणाबाई उठली. "दोन हजार धाचा पट्टा माजा," ती म्हणाली. "मीच खनला. आनि फारमावर नाय म्हनून आंगठा पन मीच दिला."

तिच्यामागून बायका उठू लागल्या. हे काही शिस्तीत झालं नाही. एकीनं आपलं साल चौदा सांगितलं, तर दुसरी म्हणाली की चौदा आमचं, तुझं तेरा, तुझ्या थोरलीचं लग्न झालं त्याच्या आदल्या वर्षी. त्यावर लग्न कधी झालं यावरून दोघींची जुंपली. तिसरीनं त्या लग्नाची पत्रिका फोनमध्ये शोधून काढली तेव्हा कुठे तेरा ठरलं. एका म्हातारीला साल आठवेना, पण बाहेर वाळू उन्हात होती आणि त्या दिवशी दीराची होडी बुडाली एवढं आठवत होतं. सोसायटीच्या दप्तरात होडी बुडाल्याचं साल निघालं, सतरा. दस्तुरबाई एकेक साल लिहून घेत होत्या आणि भिंतीवरच्या आकड्याशी ताडून पाहत होत्या. अकरा सालांसाठी अकरा घराणी उभी राहिली आणि अकराही जुळली. कारखानीस पुढे झुकून बसले होते. त्यांचा विरोध मावळत चालला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग त्यांनी जिन्यातली ती राहिलेली पायरी दाखवलीच. "दोन हजार वीस. इथं कोण?"

कोणी उठलं नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. चांगुणाबाईनंच सांगून टाकलं की त्या साली कोणी घराबाहेर पडलं नव्हतं. आधी खोटं बोलून झालं होतं, आता ती आणखी एक खोटं बोलायला तयार नव्हती. कारखानिसांनी खेदानं पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की मग या वाळूला ऊन दुसऱ्याच कशानं तरी लागलेलं आहे. एका पट्ट्याचं तसं असेल तर बाराचंही असू शकतं. साक्ष आणि यंत्र यांचा मेळ बसत नाही तोवर खोल मोजणीची शिफारस त्यांना करता येणार नाही. दस्तुरबाईंनी चष्मा काढला. त्यांनाही दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि दोन्ही बाजूंना ते कळत होतं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकली. मोरेश्वर पाटील उभे होते. गावदेवीचा फोटो हॉलच्या भिंतीवर होता, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

"तो मी परतला," ते म्हणाले.

बायकांपैकी कोणीतरी हलकेच हसली, कारण पाटलांनी खळ्यात फावडं धरलेलं कोणाच्या डोळ्यांपुढे येईना. पाटील थांबले नाहीत. तुटक तुटक सांगत राहिले. हरकूबाईला नेलं, घराला बांबू लागले. ती दवाखान्यातून फोन करायची, धाप लागलेली असायची, आणि रोज एकच विचारायची, आपला पट्टा राहिला नाही ना. बारा वर्षांनी पाळी येते, ती चुकली तर बायका काय म्हणतील, हाच तिला घोर. पहिल्या दिवशी पाटलांनी सांगून टाकलं, झाला, परतला, तू निजून राहा. ती खूश झाली.

"तिच्याशी कवा खोटा बोललो नव्हतो," पाटील म्हणाले. "म्हनून मंग ते खरा कराला खनला. मागल्या दारानी जायाचो, फाटफटी, उजाडायच्या आदी. वालू उन्हात पसरायचो, गल्ली बंद, बगाला कोन नवता. एकल्याला आठ दिस लागले. ती पाचव्या दिवशी गेली." त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला. "बाकीचे तीन दिस बी खनला. सोरून कसा द्याचा."

दस्तुरबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, हे कोणी पाहिलं होतं का. पाटील म्हणाले, नाही, पुरुषानं ते करायचं नसतं, म्हणून कोणाला कळू दिलं नाही. लाज वाटली. मग कारखानिसांनीच सांगितलं की साक्षीदाराची गरज नाही. दोन हजार वीस हा आकडा पाटलांनी सांगायच्या आधीच यंत्रानं सांगितलेला होता.

पुढचं सगळं रीतसर झालं. खोल मोजणीचं यंत्र दोन आठवड्यांनी आलं आणि सव्वातीन मीटरवरच्या वाळूनं आपलं वय तीन हजार नऊशे वर्षं सांगितलं. करंजदांडा भिंतीच्या आत आला. तृषालीचा परवाना दोन वर्षांसाठी गेला आणि तिनं अपील केलं नाही. पाटलांनी गावदेवीला जाऊन नाक घासलं. देवी काय म्हणाली ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी हॉल रिकामा होत होता आणि पाटील मागच्या रांगेत बसूनच होते, हात गुडघ्यांवर ठेवून. तृषालीला त्यांच्याजवळ जाववेना. खळं परतलं जायचं हे तिचं एक वाक्य खरं ठरावं म्हणून या माणसाला सव्वीस वर्षांचं झाकलेलं सगळ्यांपुढे उघडं करावं लागलं होतं. चांगुणाबाई मात्र गेली आणि पुरुषांच्या रांगेत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"भावजी," ती म्हणाली, "त्या वर्साला जवला तुमच्याच पट्ट्यावर पयला सुकला. कोरा, पांढरा. आमी सगल्या जनी बोलायचो, न परतलेल्या वालूवर असा कसा सुकतो. हरकूची माया हाय म्हनायचो."

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. "खरा सांगतेस?" त्यांनी विचारलं.

"खरा," ती म्हणाली. मग म्हाताऱ्यानं तोंडावर पंचा धरला, आणि ती त्यांचं रडणं संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.